रिंग मोठी घेतली तर कमीपणा नाही

प्रश्न: नमस्कार. मी फोंड्याच्या एका हायस्कुलात शिकवते, वय 46. मुलगी नववीत आहे. तिला रायफल क्लबमध्ये सोडून बाहेर बाकावर बसायचा कंटाळा आला म्हणून मीही एअर रायफल हातात घेतली, आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त वेड लागलंय. आम्ही दोघी क्लबच्या एकाच पीप साइट रायफलवर (मागच्या बारीक छिद्रातून बघून पुढच्या रिंगमध्ये टार्गेट बसवायचं) सराव करतो. मुलगी पुढच्या साइटमध्ये 3.6 ची, म्हणजे 3.6 मिलिमीटर व्यासाची रिंग लावते. क्लबमधले एक जुने नेमबाज म्हणाले, ‘रिंग जितकी बारीक तितका नेम पक्का, तुम्ही 3.4 वर या.’ मी आले. आता टार्गेटचा काळा गोळा रिंगच्या काठाला चिकटल्यासारखा दिसतो. मधली पांढरी पट्टी कधी असते, कधी नाहीशी होते. धरून धरून मी दमते आणि शेवटी कशीतरी गोळी सोडते. पाऊस सुरू झाल्यापासून तर आणखीच वाईट. गुण 8 आणि 9 मध्ये अडकलेत, मध्येच एखादा 7. माझे डोळे गेले की हात? कमी-जास्त करता येणारी आयरिसवाली रिंग मिळते म्हणतात, ती घेऊ का? आणि मुलीचं 3.6 ठीक आहे ना?
– एक आई, फोंडा

उत्तर:

ताई, पुढच्या सरावाला 3.4 ची रिंग काढा आणि 4.2 ची लावा. बाकीचं उत्तर त्यानंतर निवांत वाचलंत तरी चालेल.

तुमच्या क्लबमधल्या काकांचं म्हणणं ऐकायला पटतं, म्हणूनच ते इतकं पसरलंय. पट्टी बारीक असली की जराशी हालचालही दिसेल, आणि दिसली की सुधारता येईल, असा तो हिशेब. कागदावर बरोबर आहे. पण रायफल माणसाच्या हातात असते आणि उभ्या माणसाचा हात कधीच थांबत नाही. तुम्ही शाळेत शिकवता, तेव्हा आकडेमोडीचा त्रास होणार नाही असं धरतो.

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा काळा गोळा 30.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. तो डोळ्यापासून 10 मीटरवर आहे. तुमच्या डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर समजा 85 सेंटिमीटर आहे. मग त्या जागी तो गोळा 30.5 गुणिले 85 भागिले 1000, म्हणजे साधारण 2.6 मिलिमीटरचा दिसतो. 3.4 च्या रिंगमध्ये तो बसवला की दोन्ही बाजूंना जेमतेम 0.4 मिलिमीटरची पांढरी कड उरते. कोनाच्या भाषेत ती दीड मिनिटाच्या आसपास, आणि मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. नेमबाजीत सर्वसाधारण धरून चालतात की प्रत्येक बाजूला तीनेक मिनिटांची पांढरी कड हवी. त्याहून खूप बारीक झाली की काळ्या रिंगची कड आणि काळ्या गोळ्याची कड डोळ्यात एकमेकांत मिसळू लागतात. पट्टी ‘कधी असते, कधी नाहीशी होते’ असं तुम्ही लिहिलंय, ते हेच. 4.2 ची रिंग लावली की हीच कड 0.8 मिलिमीटर होते, म्हणजे तीन मिनिटांच्या थोडी वर.

आता हाताकडे येऊ. 3.4 ची रिंग 10 मीटरवर नेऊन टार्गेटवर ठेवली अशी कल्पना केली तर तिचं वर्तुळ 40 मिलिमीटरचं होतं. काळा गोळा 30.5 चा. म्हणजे नेम मध्यापासून पावणेपाच मिलिमीटर सरकला की गोळा रिंगला टेकलाच. एअर रायफलच्या टार्गेटवर मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत 10, पाचपर्यंत 9, साडेसातपर्यंत 8. म्हणजे ढिला 9 असतानाच तुमच्या डोळ्याला ‘टेकलं, गेलं’ असं दिसतं, आणि तुमचा हात तर 8 च्या रिंगणातही फिरून येतो. नवख्या माणसाचा फिरणारच, त्यात काही वावगं नाही. पण प्रत्येक फेरीत गोळा रिंगच्या काठाआड जातो, तुम्ही दचकता, रायफल ओढून परत आणता, ती दुसऱ्या बाजूला जाते, परत ओढता. या ओढाताणीत दहा-बारा सेकंद जातात, श्वास संपतो, आणि मग तुम्ही लिहिता तशी ‘कशीतरी’ गोळी सुटते. 4.2 मध्ये गोळा रिंगला टेकायला साडेनऊ मिलिमीटर सरकावा लागतो, म्हणजे नेम 7 च्या रिंगणात गेल्यावर. तेवढा तुमचा हात रोज जात नाही. डोळा शांत राहतो, आणि डोळा शांत राहिला की बोटही ट्रिगरवर सरळ मागे येतं.

‘पण इतकी मोठी रिंग असेल तर मध्य कळणार कसा?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. कळतो. समोरच्या बाईची टिकली जराशी बाजूला गेली असेल तर तुम्हाला लगेच दिसते. कपाळ केवढं मोठं, त्यावर आखलेली रेघ एकही नाही, तरी दिसते. वर्तुळात वर्तुळ मधोमध आहे की नाही हे ओळखण्यात माणसाचा डोळा फार तरबेज आहे. त्याला फक्त दोन्ही कडा स्वच्छ दिसायला हव्यात आणि मध्ये पुरेसा उजेड हवा. पार 5 च्या पुढे गेलात तर मात्र बहुतेकांचा डोळा आळशी होतो, गोळा थोडा बाजूला असला तरी चालवून घेतो. वरची हद्द तिथे.

काकांवर रागावू नका. त्यांनी तरुणपणी कदाचित .22 बोअरच्या रायफलने झोपून नेमबाजी केली असेल, आणि तिथे त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. 50 मीटरच्या टार्गेटचा काळा भाग 112.4 मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला पावणेआठ मिनिटांचा दिसतो. आपला 10 मीटरचा साडेदहा मिनिटांचा. तिथे गोळाच लहान दिसतो म्हणून रिंगही लहान लागते, आणि झोपून धरलेली रायफल उभ्याच्या मानाने दगडासारखी स्थिर असते. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असं तिन्ही प्रकारे मारावं लागतं. त्या प्रकारातले बरेच नेमबाज झोपून मारताना लहान आणि उभं राहून मारताना मोठी रिंग लावतात. माणूस तोच, डोळा तोच, पण हात किती हलतो त्यावर रिंग बदलते. तेव्हा कुणी ‘मी अमुक नंबर वापरतो’ म्हणाला तर आधी विचारा, किती मीटरवर आणि कोणत्या स्थितीत.

आता डोळे. 46 व्या वर्षी ‘डोळे गेले’ असं वाटणं साहजिक आहे, पण गेलेली असते ती फक्त जवळचं स्पष्ट करण्याची लवचीकता. ती चाळिशीनंतर सगळ्यांचीच कमी होते. तुम्हाला स्पष्ट दिसायला हवी ती रिंग, आणि ती हातभर अंतराच्याही पलीकडे आहे. मुलीचा डोळा क्षणात रिंगवर येतो, तुमचा येत नाही. काळा गोळा थोडा धूसर दिसला तरी काही बिघडत नाही, रिंग धूसर झाली तर बिघडतं. नेमबाजीसाठी म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना टेपने डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या, नुसतं ‘रायफल चालवते’ सांगून भागणार नाही. साधारणपणे दूरच्या नंबरात +0.50 च्या आसपास मिळवलं की डोळा दोनेक मीटरवर स्थिरावतो. तिथून रिंगही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते आणि गोळाही फार विरघळत नाही. नेमका आकडा डॉक्टरांनी तपासून द्यायचा. काच एकाच नंबरची हवी. शाळेत वापरता तो बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा रेंजवर आणू नका, कारण रायफल खांद्याला लावल्यावर मान पुढे झुकते आणि आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो; तिथला नंबर भलताच असतो. पुढच्या साइटमध्ये बसवायची भिंगं बाजारात दिसतील. ती घेऊ नका, आंतरराष्ट्रीय नियमांत पुढच्या साइटला भिंग चालत नाही.

दुसरा डोळा मिटत असाल तर तेही थांबवा. एक डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघड्या डोळ्यालाही त्याचा त्रास होतो. त्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पांढरी पट्टी लावा. काळी नको: एका डोळ्याला अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते.

रिंगच्या आधी मागच्या साइटचं छिद्र ठरवायचं असतं, आणि हे बहुतेक ठिकाणी उलट केलं जातं. मागच्या आयरिसचं छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं, पण चित्र काळवंडतं. फारच लहान केलं तर स्पष्टपणाही जातो. इनडोअर रेंजवर 1.0 ते 1.2 मिलिमीटरपासून सुरुवात करा. पांढरा भाग राखाडी वाटला की थोडं उघडा, चकाकून डोळ्यात येऊ लागला की मिटा. डोळा आयरिसला चिकटवू नका, पाच ते आठ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि ते रोज तेवढंच राहील असं गालाचं टेकण लावा. दोघी एकच रायफल वापरता तेव्हा इथेच घोटाळा होतो. तुमच्यासाठी बट (खांद्याला टेकणारा भाग) मागे घेतला, गालपट्टी वर केली, की तुमच्या खुणा मुलीच्या कामाच्या राहत नाहीत. दोन रंगांच्या मार्करने स्क्रूजवळ दोन खुणा करून ठेवा.

पावसाळ्याचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. गोव्यात जूनपासून चवथीपर्यंत ढगाळ उजेड असतो, आणि खिडक्यांवर भरवसा ठेवणाऱ्या हॉलमध्ये दुपारी तीनलाच संध्याकाळ होते. त्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरवरचे दोनच दिवे उरले तर प्रश्नच मिटला. 10 मीटर रेंजवर टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड असावा असं नियमांत आहे. मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप काटेकोर नसतं, पण टार्गेटपाशी ते 400 दाखवत असेल तर भांडायला तेवढं पुरे. क्लबच्या समितीला टार्गेटवर दिवा वाढवायला सांगा, त्यात मुलांचंही भलं आहे. तोवर कमी उजेडाच्या दिवशी आधी मागचं आयरिस एक-दोन पायऱ्या उघडा. तरीही पट्टी राखाडीच राहिली तर पुढची रिंग 0.2 ने वाढवा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आणखी एक पावसाळी दुखणं. धातूच्या रिंगचा काळा रंग घामाने आणि दमटपणाने उडतो, कड चकाकू लागते, आणि चकाकणारी कड म्हणजे बाजूला सरकलेली पट्टी: जिकडून उजेड येतो तिकडची कड डोळ्याला पातळ भासते. जुने नेमबाज चिमट्यात धरून रिंगवर कापराची काजळी धरायचे. अजूनही ती युक्ती चालते, फक्त रिंग साइटमधून काढून, घराबाहेर, आणि प्लास्टिकच्या रिंगवर मुळीच नाही. क्लबच्या रायफलपाशी काडेपेटी न्याल तर मी तुम्हाला ओळखत नाही. सराव झाला की रिंगा पुसून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा.

4.2 सांगितलं खरं, पण ते सुरुवातीचं ठिकाण आहे. तुमची स्वतःची रिंग शोधायची असेल तर मुलीला कामाला लावा. तिने 3.8, 4.0, 4.2, 4.4 यांपैकी कोणती बसवली ते तुम्हाला सांगायचं नाही. अर्थात रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत, नळी टार्गेटकडे आणि रेंज ऑफिसरला विचारून. प्रत्येक रिंगवर आधी थोडे सायटर्स (गुणांत न धरायच्या चाचणीच्या गोळ्या), मग दहा गोळ्या, आणि मॉनिटर तुमच्या नजरेआड. क्रम उलटसुलट, आणि हे सगळं एकाच दिवशी नको, कारण चौथ्या रिंगपर्यंत तुम्ही दमलेल्या असाल आणि दोष रिंगला जाईल. नंतर बेरीज पाहू नका, गोळ्यांचा घोळका किती पसरलाय ते पाहा. साइट दोन क्लिक (तिच्या स्क्रूच्या दोन पायऱ्या) चुकीची असली तर बेरीज पडते, घोळका मात्र तेवढाच राहतो. मुलीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी: रायफल स्थिरावल्यापासून गोळी सुटेपर्यंत किती वेळ गेला आणि किती वेळा तुम्ही रायफल खाली घेतली. माझ्या मते ही दुसरी नोंद घोळक्याइतकीच बोलकी आहे. दोन रिंगांचे घोळके सारखेच आले तर जिच्यावर गोळी लवकर सुटते ती ठेवा. तिथेही बरोबरी झाली तर मोठी ठेवा.

एक करू नका: रायफल टेकवून, खुर्चीत बसून ‘चित्र कसं दिसतं’ एवढ्यावर रिंग निवडू नका. टेकवलेल्या रायफलीत बारीक रिंग सगळ्यांनाच सुंदर दिसते. दुकानात लोक याच भूलथापेला बळी पडतात.

तुम्ही एकाच जागी फार वेळ बघत राहता असंही पत्रावरून दिसतं. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या, हे 3.4 वर काय आणि 4.4 वर काय. त्यापुढे डोळ्यावर त्या चित्राचा ठसा उमटतो आणि तुम्ही रिंग बघताय की ठसा ते मेंदूला कळत नाही. 60 गोळ्यांच्या सामन्याला 75 मिनिटं मिळतात, घाई कुणालाच नाही.

आता मुलगी. तिचा हात लहान, बट तिच्यासाठी आत घेतलेला, म्हणजे डोळ्यापासून साइटचं अंतर 80 सेंटिमीटरच्या आसपास असेल. तिथे काळा गोळा 2.4 चा दिसतो आणि 3.6 च्या रिंगमध्ये तिला दोन्ही बाजूंना अडीच मिनिटांची कड मिळते. एकाच रायफलवर तुमची रिंग आणि तिची रिंग वेगळी असणं हे असं साध्या भूमितीतूनच येतं. ती 9 आणि 10 मध्ये मारत असेल आणि तक्रार करत नसेल तर तिला छेडू नका. कमी उजेडात मात्र 3.8 लावून पाहायला सांगा. तिची पट्टी बारीक आहे म्हणून ती पुढे गेली असं कुणी म्हणालं तर तिच्या कानावर पडू देऊ नका. नववीतल्या मुलीला तेवढं पुरतं, उद्या ती 3.2 मागेल.

राहिली आयरिसवाली रिंग. ती वाईट नाही. 0.2 च्या पायऱ्यांऐवजी हवी तेवढी उघडता-मिटता येते, काहींमध्ये रिंगची जाडीही बदलता येते, आणि ढगाळ दिवशी डबी न उघडता भागतं. जाडीची गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण धूसर डोळ्याला जाड कड लवकर सापडते. तरीही आत्ता घेऊ नका. हातात फिरवायची कडी असली की माणूस प्रत्येक वाईट गोळीनंतर ती फिरवतो, आणि मग महिनाभर सराव करूनही आपल्याला कोणता आकार जमतो ते कळत नाही. क्लबच्या कपाटात साध्या रिंगांचा संच नक्की असेल. त्यावर आपला आकडा सापडू दे, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ दे. मग घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या.

घेताना पुढच्या साइटची नळी M18 मापाची आहे की M22 ते आधी बघून घ्या. एकीची रिंग दुसरीत बसत नाही आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या रिंगा दाखवतील. त्यातून आजूबाजूची टार्गेटं दिसतात, त्यामुळे शेजारच्या टार्गेटवर गोळी मारण्याचा धोका कमी होतो. पण डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर त्या चकाकतात, तेव्हा क्लबमध्ये कुणाकडची मागून लावून बघा. आडव्या दांड्यांच्या धातूच्या रिंगचा एक फायदा म्हणजे रायफल एका बाजूला कलली की दांडी तिरपी दिसते, आणि नवख्यांची रायफल कलतेच.

स्पर्धेला जाल तेव्हा तुमची ठरलेली रिंग साइटमध्ये, आणि तिच्याहून 0.2 मोठी एक खिशात. लहान खिशात नको. स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत आकार बदलायचा नाही, काका काहीही म्हणोत.